पुलाखालचा रस्ता कोणाचा?

कामठी मार्गावरील दुमजली उड्डाणपूल ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाहतुकीस खुला झाला तेव्हा नागपूरकरांनी आनंद मानला, आणि तो आनंद अस्थानी नव्हता. एलआयसी चौकापासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत ५.६७ किलोमीटर लांबीचा हा पूल म्हणजे अभियांत्रिकीच्या दृष्टीने मोठेच काम होय. गड्डीगोदाम येथे तर खाली जुना रस्ता, त्याच्यावर रेल्वे, रेल्वेच्या वर उड्डाणपूल आणि सर्वांच्या माथ्यावर मेट्रो अशी चार मजल्यांची रचना उभी राहिली आहे. मेट्रो त्याआधीच, ११ डिसेंबर २०२२ रोजी, कस्तुरचंद पार्कपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतच्या या मार्गावर खुली झाली होती. पुलावर खर्च झालेले ५७३ कोटी रुपये वाया गेले असे म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. कामठीहून नागपुरात येणाऱ्या माणसाचा वेळ वाचला, इंधन वाचले आणि मनस्तापही वाचला.

परंतु ज्याने या मार्गावर चालत जावयाचे आहे त्याचे काय वाचले? चार मजल्यांच्या या भव्य इमारतीत पायी चालणाऱ्याच्या वाट्यास तळमजला आला आहे, आणि तोही त्याच्या नावे नाही. वरचे तीन मजले कोणाचे, हे सर्वांस ठाऊक आहे. रेल्वेचा मजला रेल्वेचा, पुलाचा मजला मोटारींचा, मेट्रोचा मजला मेट्रोचा. तळमजल्यावर मात्र जो बलवान तो मालक, असा न्याय चालू आहे. आज आम्ही पहिल्या पानावर हा विषय घेत आहोत तो याच कारणासाठी. इंदोरा चौक आणि त्यास लागून असलेल्या जरीपटक्याची बाजारपेठ येथे पुलाखालचा रस्ता कोणाचा, हा प्रश्न आता विचारावयास हवा. कारण आजपर्यंत त्याचे जे उत्तर देण्यात येत होते ते पुलाने स्वतःच निकालात काढले आहे.

ते उत्तर असे होते की, "जागा नाही." कामठी मार्ग हा जुना महामार्ग. जबलपूरकडे जाणारी जड वाहने, कामठीच्या बसगाड्या, शहरातील मोटारी आणि आसपासच्या वस्त्यांतील सायकली हे सारे एकाच पट्ट्यावरून जात असताना पदपथासाठी जागा काढावयाची तरी कोठून, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे करण्यात आला, आणि त्यात थोडेबहुत तथ्यही होते. आता लांबच्या वाहतुकीस आकाशात स्वतंत्र वाट मिळाली आहे. ज्यास इंदोऱ्यास थांबावयाचे नाही त्याने इंदोऱ्यातून जाण्याचे कारण उरलेले नाही. मग खाली मोकळ्या झालेल्या जागेतील काही हिस्सा चालणाऱ्यास मिळावयास नको काय? की वरचा रस्ता वाहनांस मिळाला तो वाढीव, आणि खालचाही पूर्वीप्रमाणे त्यांचाच? नव्या घरात राहावयास गेलेल्या माणसाने जुन्या घराचे कुलूप काढू नये, त्यातलाच हा प्रकार आहे.

जरीपटका या नावास इतिहास आहे. मराठ्यांच्या फौजेपुढे डौलाने चालणारे जे निशाण, त्याचे नाव या वस्तीस लाभले. आणि दैवयोग असा की, १९४७ च्या फाळणीत ज्यांचे घरदार, शेतीवाडी व व्यापार सिंधुनदीच्या काठी राहिला अशा सिंधी बांधवांनी येथे नव्याने संसार मांडले. आज उत्तर नागपुरातील ही मोठी बाजारपेठ आहे. कापड, किराणा, मिठाई, भांडी, विजेचे सामान यांपैकी काय मिळत नाही, असे नाही. तिच्या एका अंगास इंदोऱ्याची जुनी वस्ती, बेझनबाग आणि बुद्धविहार. दुसऱ्या अंगास नारा व नारी या एकेकाळच्या खेड्यांपर्यंत पसरलेल्या नव्या वसाहती. चेटीचंडचा उत्सव असो की १४ एप्रिलची जयंती असो, या भागातील माणूस सणासुदीस रस्त्यावर उतरतो तो पायी. त्या एकदोन दिवशी वाहने थांबतात, पोलीस उभे राहतात आणि रस्ता माणसांचा होतो. उरलेले दिवस तो त्यांचा नसतो.

मुख्य बाजाराच्या रस्त्याने सायंकाळी सहा वाजता चालून पाहावे. दुकानाची पायरी संपते तेथे दुकानाबाहेर मांडलेला माल सुरू होतो. माल संपतो तेथे दुचाकींची रांग लागते. ती संपते न संपते तोच हातगाड्या उभ्या असतात. हातगाडीपलीकडे मोटार लावलेली, आणि मोटारीच्या पलीकडे धावती वाहने. या सर्व थरांच्या बाहेर, म्हणजे धावत्या वाहनांच्या ओळीत, हातात पिशवी आणि कडेवर मूल घेतलेली बाई चालत असते. पदपथ असा काही नाहीच असे नव्हे. तो काही ठिकाणी आहे. पण त्यावर विजेची पेटी, खांब, फलकाचा लोखंडी पाय आणि उघडी चेंबरे यांचा अंमल आहे. सिमेंटचे रस्ते आले आणि त्यांनी आणखी एक अडचण आणली. रस्त्याची पातळी वाढली, बाजूची पट्टी खाली राहिली किंवा अर्धवट राहिली, आणि पावसाळ्यात त्या खाचेत पाणी साचू लागले. चालणाऱ्याने वर चढावे तर वाहन, खाली उतरावे तर डबके!

याच भागात दयानंद पार्क आहे. सकाळी तेथे शेकडो नागरिक आरोग्यासाठी फिरावयास येतात, आणि त्यांतील कित्येक तेथवर दुचाकीवरून येतात. चालण्यासाठी म्हणून वाहनावर बसून जावे लागते, यापरते या शहरातील रस्त्यांवरील भाष्य आम्हांस तरी सुचत नाही.

आता इंदोरा चौकाकडे वळू. मेट्रोने उतरणारा प्रत्येक प्रवासी हा खाली आल्याबरोबर पादचारी होतो. मेट्रोवर जो खर्च झाला त्याची फलश्रुती प्रवासी स्थानकापर्यंत सुखरूप चालत येऊ शकतो की नाही, यावर अवलंबून आहे. स्थानकात सरकते जिने आहेत, उद्वाहक आहेत, अंधांसाठी उंचवट्याच्या पट्ट्या आहेत. आणि स्थानकाच्या दारापासून वीस पावलांवर यांतले काहीच नाही. अंधासाठीची पट्टी जेथे संपते तेथून पुढे त्या माणसाने काय करावे, याचा विचार कोणत्या कार्यालयात झाला असेल, ते आम्हांस कळावयास मार्ग नाही. शिवाय येथे रस्त्याच्या मध्यभागी पुलाचे प्रचंड खांब ओळीने उभे आहेत. पुलास खांब हवेतच; परंतु त्यांचा परिणाम असा होतो की, रस्ता ओलांडणारा खांबाआडून एकाएकी वाहनासमोर येतो. चालकास तो दिसत नाही आणि त्यास वाहन दिसत नाही. रात्री पुलाखालचा अंधार यात भर घालतो.

थोडा हिशेब करून पाहू. रस्ता वीस मीटर रुंद आहे असे धरले, तर सेकंदास सव्वा मीटरच्या आसपास चालणाऱ्या धडधाकट माणसास तो ओलांडावयास सुमारे १६ ते १७ सेकंद लागतील. गुडघे दुखणारी वृद्धा सेकंदास ०.८ मीटर चालली तर तिला २५ सेकंद लागतील. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार तेवढ्या वेळात सुमारे ३५० मीटर अंतर तोडते. म्हणजे त्या वृद्धेने पाऊल टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंस ३५० मीटरपर्यंत रस्ता मोकळा आहे, याची खातरी करून घ्यावयास हवी. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी, खांबांच्या ओळीतून आणि सायंकाळच्या गर्दीत! मध्ये थांबावयास सुरक्षित जागा असेल तर हाच हिशेब निम्म्यावर येतो. तो एवढा सोपा आहे आणि त्यास लागणारा खर्चही पुलाच्या खर्चापुढे इतका क्षुल्लक आहे की, अजूनपर्यंत तो होऊ नये याचे नवल वाटते.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. २०२३ साली एकूण मृत्यू १,७२,८९० झाले आणि पादचाऱ्यांची संख्या ३५,२२१ वर गेली. म्हणजे दररोज सुमारे ९६ माणसे केवळ चालत असताना मरतात. त्यांच्या हाती यंत्र नव्हते, त्यांच्याकडून कोणास इजा होण्याचा संभव नव्हता. रेल्वेच्या एका अपघातात ९६ माणसे गेली असती तर मंत्र्यांनी राजीनाम्याची भाषा केली असती. ही माणसे एकेकटी, निरनिराळ्या चौकांत मरतात म्हणून ती कोणाच्या दप्तरी संकट ठरत नाहीत. ठोकर मारून पळून गेलेल्या वाहनाने माणूस मेला तर त्याच्या वारसास पूर्वी २५ हजार रुपये मिळत. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम दोन लाख झाली. हेही पाऊल पुढेच म्हणावयाचे!

वेग हे या मृत्यूंचे मुख्य कारण. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे की, मोटारीच्या पुढील भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याचा मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ किलोमीटर वेग होताच साडेचार पटींनी वाढतो. चालकास हा फरक जाणवतही नाही. पायाचा अंगठा किंचित दाबला की झाले. आमच्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींस ताशी ७० आणि दुचाकींस ताशी ६० किलोमीटरची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. स्थानिक गरजेप्रमाणे ती कमी करण्यास मुभा आहे. जेथे चालणारे व वाहने एकत्र मिसळतात तेथे ताशी ३० ची मर्यादा असावी, हे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगाने मान्य केले. ऑस्लो शहरात २०१९ या संपूर्ण वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार अपघातात दगावला नाही. तेथील माणसे जन्मतःच शिस्तबद्ध असतात आणि आपली नसतात, अशी समजूत ज्यांस करून घ्यावयाची असेल त्यांनी ती खुशाल करून घ्यावी. तेथे वेग कमी केला, रस्त्याकडेच्या मोटारी हटविल्या आणि चालणाऱ्यास जागा दिली, एवढेच कारण त्यास पुरेसे आहे.

जाता जाता भाषेविषयी एक शब्द. शाळेत व्याकरण शिकविताना कर्तरी, कर्मणी व भावे प्रयोगांतील भेद समजावून द्यावा लागतो. अपघाताच्या पंचनाम्यात व सरकारी निवेदनात कर्ता हा प्राणी अदृश्य असतो. "रस्ता ओलांडत असताना धडक बसून इसमाचा मृत्यू झाला." धडक कोणी दिली? ती बसली. रस्ता असा कोणी बांधला की ओलांडताना माणूस मरावा? त्याचा उल्लेख नाही. या वाक्यात काम करणारा एकच जण आहे, तो म्हणजे रस्ता ओलांडणारा मृत इसम. आणि म्हणून सारा दोष आपोआप त्याच्या पदरी जातो. व्याकरणानेच निकाल दिल्यावर चौकशी ती काय राहिली?

कायद्याने मात्र असा निकाल दिलेला नाही. भारतीय रस्ते काँग्रेसने पादचारी सुविधांविषयी जे मार्गदर्शक निकष घालून दिले आहेत त्यांत पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची अडथळाविरहित पट्टी असावी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, असे सांगितले आहे. बाजारपेठेत याहूनही अधिक रुंदी अभिप्रेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितले की, अतिक्रमणमुक्त व अपंगांस वापरता येईल असा पदपथ हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठ्या शहरांतील पदपथांची व ओलांडण्याच्या जागांची तपासणी करण्याचा आदेशही दिला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले १९८-अ हे कलम सांगते की, रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल करणाऱ्याने ठरलेली मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर त्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम वापरात आल्याचे कितीजणांच्या ऐकिवात आहे, ते वाचकांनीच आपल्या मनाशी ठरवावे. पैसा नाही, ही सबब तर १९८० सालीच रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी फेटाळून लावली होती. नागरिकांप्रत असलेली मूलभूत कर्तव्ये नगरसंस्थेस तिजोरीकडे बोट दाखवून टाळता येत नाहीत.

तेव्हा निकष आहेत, न्यायनिवाडे आहेत, दंडाचे कलम आहे. नाही ते धनीपण. उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, त्याचे बांधकाम महामेट्रोने केले, स्थानके महामेट्रोची. आतील रस्ते महानगरपालिकेचे. त्यातही जरीपटका मंगळवारी झोनमध्ये आणि इंदोऱ्याचा भाग आशीनगर झोनमध्ये. सिग्नल व नियमन पाहणारे वाहतूक पोलीस वेगळे, विजेच्या पेट्या वीज कंपनीच्या. स्थानकातून उतरून बाजारात जाणारा नागरिक अवघ्या पाच मिनिटांत चार सरकारे ओलांडतो आणि त्यांपैकी एकासही आपल्या हद्दीत तो आल्याचे कळत नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे महानगरपालिकेचा कारभार प्रशासकांच्या हाती होता, त्यामुळे गाऱ्हाणे नेण्याचे जवळचे दारही त्या काळात बंद होते. वाहनांचे खाते आहे, पाण्याचे आहे, उद्यानांचेही आहे. चालण्याचे खाते कोठेही नाही.

आता त्या भागाकडे येऊ, जेथे आमच्याच कित्येक वाचकांचा रोष आम्हांस पत्करावा लागेल. जरीपटक्यातील पदपथ गिळला तो केवळ सरकारी अनास्थेने नव्हे. व्यापाऱ्याने आपला माल पायरीच्या बाहेर मांडला, ग्राहकाने आपले वाहन दुकानाच्या दारात लावले आणि हातगाडीवाल्याने उरलेला कोपरा धरला. यांपैकी प्रत्येकास असे वाटते की, आपण घेतलेली जागा ती काय, एक हात! परंतु प्रत्येकाने एकेक हात घेतल्यावर चालणाऱ्यास जो रस्ता राहिला तो ट्रकच्या चाकाखालचा.

व्यापारी बंधूंस आमचे सांगणे स्नेहाचे आहे. फाळणीनंतर या समाजाने दोन हातांच्या बळावर जे उभारले ते पाहून कोणासही आदर वाटावा. डोक्यावर गाठोडे घेऊन दारोदार कापड विकणाऱ्या त्या पिढीचे नातू आज वातानुकूलित दुकानांत बसतात, यात आम्हांस आनंदच आहे. पण ती पहिली पिढी पायी चालत होती आणि तिचे ग्राहकही पायीच येत होते, हे विसरावयास नको. "गाडी लावावयास जागा नसेल तर गिऱ्हाईक येणार नाही," असे सांगण्यात येते. एक मोटार उभी करावयास अदमासे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब एवढी जागा लागते. ती तेथे दोन तास उभी राहिली तर त्या जागेतून दुकानास एक कुटुंब मिळाले. तेवढ्याच जागेतून दोन तासांत शेकडो माणसे चालत जातील, आणि दुकानाच्या काचेकडे ज्याची नजर जाते तो चालणारा असतो. चाळीसच्या वेगाने जाणाऱ्यास पाटीही धड वाचता येत नाही. चेन्नईतील पाँडी बाजार ही अशीच गजबजलेली व्यापारपेठ. तेथे त्यागराय मार्गावर पदपथ रुंद करून नोव्हेंबर २०१९ मध्ये तो खुला करण्यात आला, आणि बाजार ओस पडला नाही. पुण्याने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले, जंगली महाराज मार्गावरचे पदपथ रुंद केले, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रोडसारखा गर्दीचा बाजाररस्ता एक दिवस वाहनांस बंद करून दाखविला. पुणेकरांचे सारेच अनुकरण करावे असे आम्ही कधी म्हणणार नाही! पण येथे त्यांच्यापासून घेण्यासारखे आहे.

हातगाडीवाल्याची बाजू मात्र वेगळी आहे आणि ती वेगळीच मांडावयास हवी. पदपथ मोकळा करा म्हटले की महानगरपालिकेचे पथक प्रथम कोणावर जाते? भाजीच्या टोपल्यांवर. दुकानदाराचा पत्र्याचा पुढारा सुरक्षित राहतो, पदपथावर लावलेली मोटार सुरक्षित राहते, आणि गरिबाची गाडी ट्रकात चढते. आठ दिवसांनी ती परत त्याच जागी येते, कारण त्यास पोट आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीमार्फत पाहणी करावी, विक्रेत्यांस प्रमाणपत्र द्यावे आणि पाहणी पुरी होईपर्यंत कोणासही हुसकावू नये, असे घालून दिले आहे. शहराच्या किंवा विभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांस सामावून घेण्याची तरतूद त्यात आहे. शिवाय विक्रेता हा चालणाऱ्याचा शत्रू नाही, उलट सोबती आहे. रात्री नऊ वाजता एकट्या मुलीस दिव्याखालच्या शेंगदाणेवाल्याच्या गाडीमुळे जो धीर येतो तो पोलीस चौकीच्या पाटीमुळे येत नाही. त्यास हाकलण्याचे कारण नाही. त्यास आखून दिलेली जागा द्यावी आणि चालण्याची पट्टी त्या जागेपलीकडे राखावी. मोजपट्टी सर्वांस सारखी लावली की तक्रार राहत नाही. ती दुकानदारास ढिली आणि हातगाडीस घट्ट लावली म्हणजे मग न्यायाची भाषा तोंडात शोभत नाही.

पादचारी पूल बांधा, असाही एक सल्ला नेहमी दिला जातो. तो देणारे बहुधा मोटारीतून जाणारे असतात. सहासात मीटर चढून तितकेच उतरणे हे गर्भवतीस, वृद्धास, हमालास आणि दप्तर घेतलेल्या लहान मुलीस शक्य नाही, आणि ज्यांस शक्य आहे तेही चढत नाहीत, कारण समोरचे दुकान वीस मीटरवर दिसत असते. मग त्या पुलावर जाहिराती लागतात आणि खाली माणसे पूर्वीसारखीच धावत राहतात. येथे तर पुलाच्या डोक्यावर पूल झालेला आहे. आणखी एक कोठे टांगावयाचा? चालणारा जमिनीवरच राहावयास हवा आणि वाहनाने त्याच्यासाठी थांबावयास हवे.

लोकांस शिस्त नाही, वाटेल तेथून रस्ता ओलांडतात, असे म्हणणाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे. त्यांनी ओलांडावे तरी कोठून? पांढरे पट्टे असतात ते पुसट झालेले. त्यावर वाहने उभी राहतात. सिग्नलवर चालणाऱ्याचा हिरवा दिवा लागलाच तर तो अर्ध्या रस्त्यात विझतो. जेथे नियम पाळण्याची सोय नाही तेथे नियम मोडल्याचा दोष कसा देता येईल? दयानंद आर्य कन्या विद्यालयाच्या मुली आणि महात्मा गांधी सेंटेनियल सिंधू हायस्कूलची मुले शाळा सुटल्यावर ज्या रस्त्यांवर येतात तेथे त्यांस नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील "पदपथावरून चाला" या वाक्याचा अर्थ आधी दाखवावयास हवा.

काय करावयाचे ते फार मोठे नाही. महानगरपालिका आयुक्तांनी, महामेट्रो, महामार्ग प्राधिकरण आणि वाहतूक पोलीस यांस एकत्र बसवून, कडबी चौकापासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतच्या पुलाखालच्या रस्त्यासाठी आणि जरीपटक्याच्या मुख्य बाजाररस्त्यासाठी एकच अधिकारी नेमावा आणि त्याचे नाव जाहीर करावे. या अधिकाऱ्याने पहिल्या महिन्यात रस्ता पायी चालून मोजावा. सोबत एक अंध नागरिक, चाकाच्या खुर्चीवरील एक नागरिक आणि शाळेतील दोन मुले असावीत. नकाशापेक्षा त्यांच्याकडून अधिक कळेल. इंदोरा चौक व नारी रोड येथील मेट्रो स्थानकांच्या दारापासून बाजारापर्यंत १.८ मीटरची अखंड पट्टी राखावी. विजेच्या पेट्या व खांब तिच्यातून हलवावेत, चेंबरे झाकावीत. प्रत्येक स्थानकाशी जमिनीवरूनच ओलांडण्याची जागा करावी. खांबांच्या रांगेत दोन खांबांमध्ये थांबावयास उंचवट्याचा ओटा, त्यावर लख्ख दिवा आणि वृद्धास पुरेल इतका वेळ चालू राहणारा सिग्नल असावा. पुलाखालील वेग ताशी ३० वर आणावा. ज्यास घाई असेल त्याच्यासाठी वर पूल आहे. वैशाखातील पंचेचाळीस अंशांच्या उन्हात या पुलाची सावली हा एक अनपेक्षित लाभ झाला आहे, ती चालणाऱ्याच्या कामी यावी. बाजारात सायंकाळचे तीन तास मोटारी उभ्या करण्यास मनाई करून, व्यापारी संघटनांच्या संमतीने, प्रयोग सुरू करावा. आणि प्रयोगाच्या आधी व नंतर किती माणसे चालली व दुकानांतील विक्री काय झाली ते मोजावे, म्हणजे आमचे खरे की व्यापारी बंधूंची भीती खरी, याचा निकाल आकड्यांनीच लागेल.

रंगाचे डबे, काही सिमेंट, थोडे दिवे आणि एक मोजपट्टी, एवढ्या सामग्रीवर यातील निम्मे काम पावसाळ्यापूर्वी होण्यासारखे आहे. ५७३ कोटींच्या पुलाखाली त्यासाठी निविदेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मंगळवारी आणि आशीनगर या दोन्ही झोनच्या अधिकाऱ्यांनी इंदोरा चौकात एका सायंकाळी, गाडी कार्यालयात ठेवून, पुलाखालून पलीकडे जाऊन दाखवावे. तेथून कामास आरंभ केला तरी चालेल.